धोंड्याची टाकी

अंगदच्या पान्यापेक्षा त्याच्या तोंडाची ख्याती मोठी होती. जालन्यापासून तीर्थपुरीपर्यंत डेंटिंग-पेंटिंगची जेवढी म्हणून गॅरेजं आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणचे कॉम्प्रेसर तोच बघायचा, आणि कॉम्प्रेसरला हात लावायच्या आधी मालकाला धुऊन काढायचा. टाकीतलं पाणी सोडलं नाही म्हणून शिव्या, तेल काळंठिक्कर पडलं तरी बदललं नाही म्हणून शिव्या, आणि हवेच्या पायपाला सायकलची ट्यूब गुंडाळून गळती थांबवली असेल तर अशा शिव्या की शेजारच्या पंक्चरवाल्यानं काम सोडून ऐकत उभं राहावं. लोक ऐकून घेत, कारण माणूस कामाचा होता. घनसावंगीच्या एका मालकानं तर त्याला तोंडावर सांगितलं होतं की, तू शिव्या दिल्याशिवाय मशीन दुरुस्त झाल्यासारखं वाटतच नाही.

फक्त एका गॅरेजात या तोंडाला कुलूप लागायचं. ते गॅरेज अंबडला होतं, आणि ते त्याच्या दाजींचं होतं.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा, शालूताईचा नवरा. कल्याणराव. स्वभावानं गरीब, बोलायला मऊ, रंगाच्या कामात एक नंबर. माणसात खोट काढायला जागा नव्हती. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्यापुढं मान वर करून बोलायचं नाही, हे अंगदच्या घरात पोरांना चालायला यायच्या आधी शिकवलं जायचं. दाजींनी भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं की सगळं घर ताटावरून उठायचं. दाजी ‘आज ऊन नाही’ म्हणाले तर अंगदनं डोक्याचा रुमाल काढून खिशात घातला असता.

त्यामुळं झालं होतं असं, की सख्खा मेव्हणा कॉम्प्रेसरचा मिस्त्री असूनही कल्याणरावांनी चार-पाच वर्षांत त्याला कॉम्प्रेसर बघायला बोलावलं नव्हतं. आणि न बोलावता जावयाच्या दारात पाना घेऊन जाणं बरं दिसत नाही म्हणून अंगदही गेला नव्हता. राखीला, भाऊबीजेला जायचा, मागच्या दारानं घरात शिरून जेवायचा आणि मागच्या दारानंच निघायचा.

आणि त्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला.

“अंगद, रंगाच्या गनमधून पाणी येऊन राह्यलं रे. रंगाला फोडच फोड. जल्दी ये.”

“निघालोच दाजी.”

दुसरं कुणी असतं तर अंगदनं फोनवरच अर्धं काम केलं असतं, म्हणजे शिव्यांचं. इथं त्यानं जिभेला आवर घातला आणि मोटरसायकलला किक मारली.

गॅरेजात पोचल्यावर त्यानं आधी दाजींच्या पायाला हात लावला, मग हेल्मेट काढलं. समोर धर्मराज नावाचं गिऱ्हाईक प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसलं होतं. त्याच्या जीपमधून उद्या त्याच्या पुतण्याची वरात निघायची होती, आणि जीपच्या बॉनेटवर गोवर उठावी तसे बारीक बारीक फोड आले होते. रंगारी संघपाल हातात स्प्रे-गन धरून उभा होता. हा चांगला पन्नाशीचा, जुना कारागीर.

“थिनर बराबर हाय. रंग बराबर हाय. गन मी सोता धुतली,” संघपालनं कुणी न विचारता सांगून टाकलं. “आता नजरच लागली आसंल तर मंग मी काय करणार?”

अंगदनं गन घेतली आणि नुसत्या हवेवर स्वतःच्या तळहातावर धरून दाबली. तळहात ओला झाला. नजरेला पाणी सुटत नाही, एवढं तरी या माणसाला कळायला हवं होतं.

“दाजी, टाकीतलं पाणी रोज सोडता न्हवं तुमी?”

“सोडतो की,” कल्याणराव छताच्या पत्र्याकडं बघत म्हणाले.

आता यात अवघड काहीच नाही. मशीन बाहेरची हवा ओढतं, दाबून टाकीत भरतं. हवेतला ओलावा टाकीच्या पोटात पाणी होऊन साचतो. खाली एक नळ असतो, तो रोज संध्याकाळी उघडायचा, पाणी काढून टाकायचं, नळ बंद करायचा. लहान पोराला जमेल असं काम. ते केलं नाही तर पाणी पायपातून गनमध्ये येतं, रंग नासतो. तेही एक वेळ परवडलं. पण तेच पाणी आतून टाकीचा पत्रा खात बसतं, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. हे अंगदनं इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आता सांगायला लागला की त्याचं स्वतःचंच डोकं दुखायचं.

तो कॉम्प्रेसरपाशी गेला, आणि पाहतच राहिला.

टाकी झळकत होती. गडद लाल, त्यावर चमकीचा हात, वरून लॅकर, आणि बफिंग असं केलेलं की अंगदला त्यात आपली मिशी दिसली. दर दसऱ्याला कल्याणराव टाकी रंगवायचे. वर्षभरात ज्या गाडीचा सगळ्यात भारी रंग उरेल तो टाकीला. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार. फक्त एक जागा ते दर वर्षी चिकटपट्टी लावून झाकायचे आणि रंग वाळला की पट्टी काढायचे. त्या जागेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘पिंपळगाव रेणुकाई येथील रामकिसन यांजकडून जावई कल्याणराव यांस धोंड्याचे वाण. सप्रेम.’

रामकिसन म्हणजे अंगदचे वडील. धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला अंगठी देतात, चांदीचं ताट देतात. रामकिसननं कॉम्प्रेसर दिला. भावकी हसली. म्हातारा म्हणाला, “सोन्याच्या अंगठीतून हवा निघत न्हाई. जावयाचा धंदा हवेचा हाय.” टेम्पोतून टाकी आणली, तिच्यावर ताट ठेवून तेहतीस अनारसे मांडले, जावयाला कुंकू लावलं आणि उरलेलं बोट टाकीलाही पुसलं. भांड्यावर नाव घालतात तसं पेंटरकडून नाव घालून घेतलं. त्या टाकीच्या हवेवर कल्याणरावांनी गॅरेज उभं केलं, घर बांधलं. म्हातारा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

अंगदनं पायपाचं तोंड मोकळं केलं आणि टाकीतली हवा सोडून दिली. हवेबरोबर चहाच्या रंगाचं पाणी असं उडालं की धर्मराजच्या पांढऱ्या शर्टावर नक्षी उमटली.

“अहो मिस्त्री!” धर्मराज खुर्चीतून उठला.

“सरकून बसायचं मंग,” अंगद म्हणाला. दाजींना नाही तर निदान कुणाला तरी बोलायला मिळालं.

काटा शून्यावर आल्यावर तो खाली वाकून टाकीच्या पोटाचा नळ शोधायला लागला. नळ सापडेना. जिथं असायला हवा तिथं एक गुळगुळीत लाल गोळा होता. पेचकस घेऊन त्यानं खरवडलं. लाल निघाला, खाली चंदेरी. चंदेरी निघाला, खाली पांढरा. मग हिरवा. सगळे दसरे तिथं एकावर एक बसले होते, आणि त्यांच्या खाली नळ असा गाडला गेला होता की पान्यानंसुद्धा हलेना.

“दाजी, रोज सोडता म्हणलात.”

“तसं... रोज म्हणजे... पयले सोडायचो.”

अंगदनं दीर्घ श्वास घेतला. मग त्याची नजर टाकीच्या वरच्या बाजूला गेली, आणि तो श्वास तिथंच अडकला. दाब प्रमाणाबाहेर गेला की आपोआप उघडून हवा सोडणारी जी झडप असते, सेफ्टी व्हॉल्व्ह, ती जागेवर नव्हती. तिथं एक बोल्ट पिळून बसवला होता. बोल्टही लाल, बोल्टलाही लॅकर.

“हे... हे काय हाय?”

“ते सारखं फुसफुस करायचं,” कल्याणराव म्हणाले. “हवा वाया जायची.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे अंगदला त्या क्षणी नव्यानं कळलं. कुंभारीच्या एका गॅरेजवाल्यानं असंच केलेलं निघालं तेव्हा अंगदनं त्याला त्याच्या बायकोसमोर गाढव म्हटलं होतं. इथं तो म्हणाला, “बरं.”

‘बरं’ म्हणून तो परत टाकीखाली शिरला. आता त्याला हवं ते सापडत होतं, म्हणजे नको ते. पेचकसाची मूठ तो पत्र्यावर टकटक वाजवत पुढं गेला. टण, टण, टण, आणि मग भिंतीकडच्या अंगाला एकदम बद्द. लोखंड असं वाजत नाही. त्यानं नखानं रंग उडवला. खाली फिकट पिवळी लांबी होती. गाडीचे पोचे भरायला वापरतात ती, पेस्टसारखी मळून लावायची आणि वाळली की घासायची. तळहाताएवढ्या जागेवर लांबी लावून, घासून, कडा पत्र्याशी अशा मिळवलेल्या की बोटाला चढउतार लागू नये. काम कुणाचं हे विचारायला नको होतं. इतका सफाईचा हात अख्ख्या अंबडात एकाचाच होता.

म्हणजे टाकीला भोक पडलं होतं. आणि भोकावर लांबी लावून वरून रंग दिला होता. आणि वरची झडप काढून तिथं बोल्ट मारला होता. आणि ही टाकी रोज हवा भरून घेत होती. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हाच.

असली टाकी फुटली की काय होतं ते अंगदनं एकदा पाहिलं होतं, लांबच्या एका गावात, फुटून गेल्यावर. छताचा पत्रा शेजारच्या शेतात होता. मालक कुठं होता ते त्यानं घरी येऊन कुणालाही सांगितलं नव्हतं.

तो उठला, हात पुसले आणि शक्य तेवढ्या मवाळ आवाजात म्हणाला, “दाजी, टाकी आता थकली हो.”

“थकली?”

“थकली म्हणजे... वय झालं तिचं.”

“आसं,” कल्याणराव म्हणाले आणि त्याच्याकडं बघत राहिले. जणू अजून काही ऐकायचं होतं.

अंगदनं पुन्हा जुळवून पाहिलं. “म्हणजे तिला आता इश्रांती दिली तर बरं राहील.”

“सासरेबुवांनी दिलेली वस्तू हाय,” कल्याणराव सावकाश म्हणाले. “थकली म्हणून काय करावं माणसानं?”

“त्ये बी हायच,” अंगद म्हणाला, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. सरळ म्हणायचं, ही टाकी भंगारात घाला, तर ती नुसती टाकी नव्हती, आपल्या बापानं जावयाला दिलेलं वाण होतं. मेव्हण्यानंच वाणाला भंगार म्हणायचं? आणि तुम्ही जिवाशी खेळताय, असं जावयाला तोंडावर म्हणायचं? सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, हे त्याला कळत होतं. पण ते म्हणायला जे तोंड लागतं, ते तो जालन्याला ठेवून आल्यासारखा उभा होता.

तेवढ्यात धर्मराजला राहवलं नाही. “अहो, हवाच तर हाय! गॅस थोडीच हाय? लावा चालू आन् मारा रंग. उद्या वरात हाय माझी.”

“तुमची?” अंगद त्याच्याकडं वळला. सकाळपासून तुंबलेलं सगळं त्याला मोकळं करायला अखेर माणूस मिळाला होता. “बसा नवरदेव! या इथं, टाकीवरच बसा, घोड्यावर बसल्यागत. मी बटण दाबतो. बिनजीपीचे पोचता का न्हाई बघा मांडवात! हवाच हाय म्हणे! अक्कल वाटून राह्यले होते तवा तुमी कुठं गेल्ते, वरातीला?”

धर्मराज परत खुर्चीत बसला. संघपालनं गन उगाच पुन्हा पुसायला घेतली. कल्याणराव मात्र खाली मान घालून उभे होते, आणि अंगदला वाटून गेलं की हे बोलणं कुणासाठी होतं ते त्यांना कळलंय. कळलं तर बरंच, असंही वाटलं.

मग त्यानं एकच केलं. मोटरवरचा पट्टा पान्यानं सैल करून काढला आणि गळ्यात घातला. पट्टा नाही तर मशीन नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाशी वाद नाही.

“जेवून येतो दाजी. मंग बघू.”

घर गॅरेजच्या मागंच होतं. शालूताईनं भाकरी वाढली, आणि भावाच्या गळ्यातला काळा पट्टा बघून म्हणाली, “हे काय रे, हार घातला का काय दाजींनी तुला?”

“जेवू दे ताई. डोकं फिरलंय.”

“तुझं कधी जाग्यावर हाय?” तिनं पिठलं वाढलं. “मला बी बोलवत न्हाईत तिकडं आता. चहा घेऊन गेलं तर दारातच उभं राहून कप घेतेत. आत येऊ नको म्हणे, रंगाचा वास लागतो. इतकी वर्सं वास नव्हता? माझी शिलाईमशीन त्या भिंतीला होती, रस्ता दिसायचा, चार बायका यायच्या बसायला. ती उचलून इकडं चुलीपाशी आणून ठिवली. उजेड न्हाई, काही न्हाई. सुईत दोरा ओवायचा तर मोबाईलची बत्ती लावावी लागती.”

अंगदचा घास हातातच राहिला. “कोणती भिंत?”

“ती की, ह्यांच्या हवेच्या मशीनच्या पलीकडची.”

“कधी आणली?”

“झालं की वर्ष. गेल्या दसऱ्याच्या आधी.”

अंगद अर्ध्या जेवणावरून उठला. ताई “अरे, ताक तरी!” म्हणत राहिली. तो आला तो थेट संघपालपाशी. “सकाळी मशीन कोण चालू करतं?”

“मालक,” संघपाल म्हणाला. “आमाला आधी चहाला पाठवतेत टपरीवर. टाकी भरून मशीन आपसूक थांबली की हाक मारतेत. बंद बी तेच करतेत. मला तर हात लावू देत न्हाईत. मशीनच्या बाजूनं जायचं न्हाई म्हणे, पायपात पाय गुतंल.”

कल्याणराव बॉनेटचे फोड भिजवलेल्या पॉलिश कागदानं घासत होते. अंगद त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“दाजी. तुमाला ठाव हाय.”

हात थांबला. “काय?”

“लांबी तुमीच लावली. भिंतीमागून ताईला तुमीच उठवली. समद्यांना बाहेर पाठवून एकटे बटण दाबता. ठाव हाय तुमाला टाकी कशी हाय ते.”

 कल्याणरावांनी कागद पाण्यात बुडवून, पिळून, घडी घालून ठेवला.

“रंगारी हाय मी. पत्रा सडला का न्हाई ते मला कळत न्हाई व्हय?” ते म्हणाले. “पण ज्या माणसानं मला धंद्याला लावलं, त्याची वस्तू भंगारवाल्याच्या हातात कशी देऊ? तो गेला, आन् मी त्याचं नाव लिव्हलेली टाकी किलोवर इकू? तुमचे गाववाले काय म्हणतील? तू काय म्हणशील? सासरा मेला आन् जावयानं वाण फुंकलं. न्हाई होत माझ्या तोंडानं.”

“मंग मला बोलवायचं!”

“बोलवलं की आज. म्हणूनच बोलवलं.”

“पाण्यासाठी बोलवलं तुमी!”

“पाणी तर वर्षभर येऊन राह्यलं,” कल्याणराव म्हणाले. आता त्यांच्याही आवाजाला धार आली. “म्हणलं, तू बघशील. तू त्यांचा पोरगा, वर मिस्त्री. एकदा तू म्हणलास, दाजी टाका ही टाकी, की संपलं. मी सुटलो. तर तू सकाळपासून आपला ‘थकली, थकली’, ‘इश्रांती द्या’. आरं म्हातारी हाय का ती? समद्या जिल्ह्याला शिव्या देतोस, आन् हितं आल्यावर तुला एक वाक्य सरळ बोलता येईना!”

अंगदचा जो काही धीर शिल्लक होता तो इथं संपला. कुलूप तुटलं. तो जे बोलला त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाही, आणि उरलेल्या निम्म्यात ‘दाजी’ हा शब्द एकदाही नव्हता. अरे म्हणाला, तू म्हणाला. बिनडोक म्हणाला. माझ्या बहिणीला पांढऱ्या कपाळानं बसवायला निघाला होतास का म्हणाला. मानापायी मरणारा माणूस आजवर पाहिला होता, पण बोल्ट पिळून, लांबी घासून, वर लॅकर मारून मरायची तयारी करणारा पहिलाच पाहिला म्हणाला. धर्मराज खुर्चीसकट मागं सरकला. कल्याणराव सगळं ऐकून घेत उभे होते, आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे, ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

शिव्या संपल्या तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की शालूताई दारात उभी आहे. ताकाचा तांब्या हातात होता. कधी आली होती कुणास ठाऊक.

“अहो,” ती म्हणाली, “तुमी रोज सकाळी हाक मारता मला.”

कल्याणरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

“शालू, कुठं हायस, म्हणून हाक मारता. मी म्हणते, हाय की, चुलीपाशी. मंग मशीनचा आवाज येतो.”

“शालू...”

“मला वाटायचं, ह्या वयात बी माणूस रोज सकाळी इचारतो बायको कुठं हाय म्हणून. आईला सांगितल्तं मी फोनवर. हसली म्हातारी.” तिनं तांब्या खाली ठेवला, पण ठेवताना तो कलला आणि ताक सांडलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. “मी लांब हाय का ते बघून बटण दाबत होते तुमी.”

“मंग काय करणार? तू म्होरं आसतीस तर?”

“आन् मी चुलीपाशी वाचून काय करणार होते?” ती ओरडली. “काय करणार होते मी? सांगा की!”

 अंगदनं तोंड उघडलं तर ती त्याच्यावर उलटली.

“तू गप! ह्यांनी तुझा मान राखला, तू ह्यांचा मान राखला, दोघांनी मिळून माझ्या बापाचा मान राखला. बाप कुणाचा होता? माझा ना? त्यानं ही टाकी जावयाला जगायला दिल्ती. मरायला दिल्ती का? मला एकानं तरी इचारलं? एक शब्द? म्या सांगितलं आसतं, फेका ती. म्या तवाच सांगितलं आसतं.”

तिनं अंगदच्या हातातला पेचकस ओढून घेतला, साडी गुडघ्यात दाबून टाकीपाशी बसली, आणि जिथं रंग खरवडलेला होता तिथं तो पिवळ्या लांबीवर मारला. जोर तिनं पुष्कळ लावला होता, राग होता ना. पण जोराची गरजच नव्हती. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. तिचा हात पत्र्यावर आपटला, आणि भोकातून गंजाचं तपकिरी पाणी भळाभळा बाहेर आलं, तिच्या पदरावर, पायावर, फरशीवर.

ती तशीच बसून राहिली. पेचकस बाहेर काढून तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा टाकीकडं.

“येवढ्यावर होतं व्हय?” ती अगदी हळू म्हणाली. “रोज येवढ्यावर होतं?”

पाणी वाहत धर्मराजच्या चपलांपर्यंत गेलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो वरातीबद्दल काही बोलला नाही. कल्याणराव जीपला हात टेकून खाली सरकत गेले आणि त्या पाण्यातच बसले. वर्षभर रोज सकाळी ते त्याच मशीनशेजारी एकटे उभे राहिले होते.   

शालूताईनं पदरानं तोंड पुसलं. गंजाचा पट्टा गालावर तसाच राहिला.

“अंगद्या,” ती म्हणाली, “बघत काय बसलास? भंगारवाल्याला फोन लाव. आन् आधी ह्यांना हात दे. उठवंना त्यांना.”

अंगद पाण्यात उतरला. त्यानं कल्याणरावांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं. कल्याणरावांनी सगळं वजन त्याच्यावर टाकलं. दोघं तसेच, एकमेकांना धरून, मागच्या घराकडं चालू लागले.